विकास आराखड्यावर हरकत घ्यायचीय? आधी मोजणीचा अर्ज टाका

नवा विकास आराखडा, म्हणजे रस्ते, बागा, शाळा कुठे येणार ते ठरवणारा नकाशा, येतोय अशी कुजबुज सुरू झाली की लोक आधी वकील शोधतात, मग नगरसेवक. ते नंतर. आधी भूमी अभिलेखात मोजणीचा अर्ज टाका. प्रारूप, म्हणजे आराखड्याचा मसुदा, प्रसिद्ध झाल्यावर नाही, कुजबुज चालू असतानाच. मागच्या खेपेला हरकतीच्या गठ्ठ्यात सातबारा होता, फेरफार होते, खरेदीखत होतं, फोटोंचा ढीग होता. मोजणीची ‘क’ प्रत, म्हणजे मोजणीनंतर भूमी अभिलेख देतं तो हद्दीचा नकाशा, तेवढी नव्हती, आणि तिच्यावाचून बाकीचं सगळं रद्दीच्या भावाचं ठरलं.

सातबारा मालक कोण आणि क्षेत्र किती एवढंच सांगतो. जमीन नेमकी कुठे आहे, तिचा आकार कसा, रस्त्याची रेषा तिच्या कुठल्या अंगाने जाते, यातलं काहीही त्यावर नसतं. प्रारूप आराखड्याच्या नकाशाखाली लिहिलेलं प्रमाण बघा. ते 1:5000 असेल तर कागदावरचा एक मिलिमीटर म्हणजे जमिनीवरचे पाच मीटर. आता 18 मीटर रुंदीचा रस्ता तुमच्या 110 मीटर लांबीच्या बांधालगत जातो असं धरा. रेषा पूर्ण तुमच्या बाजूला असेल तर 1980 चौरस मीटर, म्हणजे जवळजवळ 20 गुंठे जातात. तीच रेषा पाच मीटर सरकली की साडेपाच गुंठ्यांचा फरक पडतो. एका मिलिमीटरवर हा हिशेब, आणि लोक तो मोबाइलवर पीडीएफ मोठी करून मांडतात! हरकती ऐकणाऱ्या समितीपुढे ‘रस्ता आमच्या घरावरून जातो’ म्हटलं की पहिला प्रश्न येतो, कशावरून? त्याला उत्तर ‘क’ प्रत. दुसरं उत्तर नाही.

अर्ज ‘हद्द कायम’ मोजणीचा, म्हणजे अभिलेखातली हद्द जागेवर दाखवून घेण्याचा, करायचा. एकटा खातेदारही तो करू शकतो, लगतच्या खातेदारांना नोटिसा कार्यालयाकडून जातात. त्यांची नावं-पत्ते अर्जात नीट भरा. एकाचा पत्ता चुकला आणि मोजणीच्या दिवशी त्याने येऊन तक्रार केली की तारीख पुढे. पोटहिस्सा पाडायचा असेल तर मात्र सगळ्या सहधारकांची संमती लागते. ती मिळत नसेल तर वाटपाचा रस्ता तहसीलदाराकडून किंवा कोर्टातून जातो, म्हणजे हरकतीच्या मुदतीत ते होणं विसरा. अशा वेळी पूर्ण गटाची हद्द तरी कायम करून घ्या. नियमित आणि द्रुतगती असे दोन दर आहेत, द्रुतगती भरा. पैसे वाचवायची ही जागा नाही. हरकतीची मुदत सर्वसाधारण तीस दिवसांची. द्रुतगती मोजणीसुद्धा त्या तीस दिवसांत होऊन, नकाशा तयार होऊन हातात पडेल यावर भरवसा ठेवू नका. म्हणूनच आधी.

ई-मोजणीच्या नव्या प्रणालीतून आलेल्या नकाशाला अक्षांश-रेखांश असतात, तेच हवेत. जुनी, हाताने काढलेली ‘क’ प्रत घरात असेल तर टाकून देऊ नका, पण तिच्यावर विसंबूही नका. आणि नकाशात अभिलेखातली हद्द एक, वहिवाट दुसरीकडे असं निघालं तर हरकतीत अभिलेखातली हद्दच वापरायची. वहिवाटीचा वाद समितीपुढे काढलात तर तुमची हरकत ‘खासगी वाद’ म्हणून बाजूला पडेल. शहराच्या जुन्या भागात, जिथे सातबारा बंद होऊन मिळकत पत्रिका आली आहे, तिथे नगर भूमापन कार्यालयाचा नकाशा घ्या.

मोजणी मार्गी लागली की विद्यमान जमीन वापर नकाशा. महाराष्ट्र प्रादेशिक नियोजन व नगररचना अधिनियम, 1966 च्या कलम 23 खाली नियोजन प्राधिकरण, म्हणजे महापालिका किंवा नगरपालिका वगैरे, आराखडा करण्याचा इरादा जाहीर करतं, त्यानंतर कलम 25 खाली पाहणी करून हा नकाशा तयार होतो. प्रारूप याच नकाशावर उभं राहतं. तुमचं दुमजली घर त्यावर मोकळी जमीन म्हणून दिसत असेल तर तिथे बाग, शाळा किंवा वाहनतळ पडणारच. आरक्षण टाकणाऱ्याला मोकळी जागाच हवी असते. म्हणून याच टप्प्यावर लेखी अर्ज द्या, सोबत मंजूर नकाशा जोडा. मुंबईच्या 2034 पर्यंतच्या आराखड्याचं पहिलं प्रारूप फेब्रुवारी 2015 मध्ये आलं आणि चुकांच्या ओरड्यानंतर एप्रिलमध्येच ते परत फिरवावं लागलं. सुधारित प्रारूप मे 2016 मध्ये आलं, आराखडा लागू झाला 1 सप्टेंबर 2018 पासून. तुमच्या गावासाठी कुणी प्रारूप परत फिरवेल या आशेवर राहू नका.

बांधकामाचे कागद कुठले? मंजूर रेखांकन (प्लॉट आणि रस्त्यांचा लेआउट), बिनशेती आदेश, बांधकाम परवानगी, भोगवटा प्रमाणपत्र, आणि प्रत्येकाची तारीख. तारखेला महत्त्व आहे: प्रारूप प्रसिद्ध होण्याआधीची परवानगी वजन धरते. घरपट्टीची पावती, वीजबिल हे परवानगीचे पुरावे नाहीत. गुंठेवारीत घर असेल तर नियमितीकरणाचं प्रमाणपत्र. ते नसेल तर हरकतीत बांधकामावर भर देण्याआधी विचार करा, कारण तुम्ही स्वतःच विनापरवाना बांधकाम लेखी कबूल करताय.

प्रारूप प्रसिद्ध झालं की राजपत्रातली आणि वर्तमानपत्रातली जाहीर सूचना पूर्ण वाचा. मुदत किती, कुठून धरायची, हरकत कुठे द्यायची, सगळं तिच्यात असतं. व्हॉट्सअ‍ॅपवर फिरणारी शेवटची तारीख धरू नका. मुदतवाढ मिळेल असंही धरू नका, मिळाली तर तुमचं नशीब. त्याच दिवशी अर्ज करून, पैसे भरून प्रमाणित भाग नकाशा (आराखड्यातला तुमच्या जागेचा तुकडा) आणि झोन दाखला (जमीन कुठल्या वापरात दाखवली ते सांगणारा) मागा, आराखड्याचा अहवालही घ्या. आरक्षण क्रमांक आणि त्यापुढचा गट नंबर आरक्षणांच्या यादीतूनच उतरवायचा. यादीत ‘ग.नं. 45 पै.’, म्हणजे गट 45 पैकी काही भाग, असं असेल तर सावध व्हा. 45 मधला कोणाचा भाग, ते यादी सांगत नाही, नकाशाच सांगतो, आणि नकाशावर पोटहिस्से नसतात. इथे पुन्हा ‘क’ प्रत. ती असेल तर आरक्षण शेजारच्या हिस्स्यात आहे की तुमच्या, हे एका संध्याकाळी कळतं. नसेल तर चौघं भाऊ चार वेगवेगळ्या हरकती घेतात आणि प्रत्येकाला वाटतं बाग आपल्याच डोक्यावर पडली.

भाग नकाशावर ‘क’ प्रत बसवायचं काम वास्तुविशारदाकडून किंवा खासगी सर्वेक्षकाकडून ऑटोकॅडमध्ये करून घ्या. किमान तीन-चार पक्के बिंदू जुळले पाहिजेत: तीन गावांच्या शिवा मिळतात तिथला दगड, रेल्वेचा रूळ, कालव्याचा पूल, जुनी बांधलेली विहीर. झाड, कुंपण, खांब चालणार नाहीत. उपग्रहाचं चित्र नुसतं खाली ठेवून रेषा ओढली तर ती काही मीटर सरकलेली असू शकते आणि अधिकारी ते पहिल्या मिनिटात दाखवून देतो. ए-3 कागदावर रंगीत काढा: तुमची हद्द लाल, प्रस्तावित रस्ता निळा, बाधित क्षेत्र रेघोट्यांनी, चौरस मीटरमध्ये आकडा. या एका कागदावर तुमची सुनावणी होणार आहे, बाकी पानं कोणी उलटत नाही.

आता मजकूर. एका हरकतीत एकच मागणी. मिळकतीचं वर्णन, नकाशाचा पत्रक (शीट) क्रमांक, आरक्षण क्रमांक, रस्त्याची रुंदी, बाधित क्षेत्र, आणि बदल काय हवा ते एका वाक्यात: ‘18 मीटर रस्त्याची आखणी मंजूर रेखांकनातल्या रस्त्याशी जुळवून पूर्वेला सरकवावी.’ ‘आमच्यावर अन्याय झाला आहे’ हे वाक्य लिहायला हरकत नाही, पण त्याने काही सरकत नाही. सरकतं ते कशाने, तर शेजारच्या मंजूर रेखांकनातला रस्ता आराखड्याच्या रस्त्याला मिळत नाही, नाल्याची जागा चुकीची दाखवली आहे, त्याच भागात त्याच सुविधेचं दुसरं आरक्षण आहे, किंवा पूररेषा जलसंपदा विभागाच्या नकाशाप्रमाणे नाही, असं काही दाखवता आलं तर. पूररेषेबद्दल बोलायचं तर त्या विभागाचा प्रमाणित नकाशा जोडा. निळी रेषा 25 वर्षांतून एकदा येणाऱ्या पुराची, लाल 100 वर्षांतल्या पुराची. या दोन्हींची सरमिसळ करून लिहिलेल्या हरकती ढिगाने येतात. आरक्षण ‘दुसरीकडे न्या’ म्हणताना ती दुसरी जागा गट नंबरासह सांगावी लागते, आणि ती शेजाऱ्याची असेल तर तो तुमच्याविरुद्ध उभा राहणार हे गृहीत धरा.

एफएसआय (प्लॉटवर किती बांधकाम करता येतं ते प्रमाण) वाढवा, सामासिक अंतर (इमारतीभोवती सोडायची मोकळी जागा) कमी करा, अशा मागण्या या हरकतीत घालू नका. 3 डिसेंबर 2020 पासून राज्यात एकत्रीकृत विकास नियंत्रण नियमावली लागू आहे. मुंबई, एमआयडीसी आणि आणखी काही क्षेत्रं वगळली तर सगळीकडे नियम तेच. ते शासन बदलतं, तुमच्या गावचा आराखडा नाही. पूर्वी आराखड्याबरोबर त्या शहराची नियमावलीही यायची, म्हणून जुन्या हरकतींच्या नमुन्यात ही कलमं सापडतात. नमुना कॉपी करताना ती काढा.

छापील हरकतींचे गठ्ठे जमा करायचे असतील तर खुशाल करा, पण स्वतःची वेगळी द्याच. पुण्याच्या जुन्या हद्दीच्या आराखड्यावर 2013 मध्ये 80 हजारांवर हरकती आल्या होत्या. एकाच मजकुराच्या शेकडो प्रती एकत्र बांधून त्यांना एकच शिफारस लावली जाते. शेवटी ‘प्रत्यक्ष सुनावणी मिळावी’ ही ओळ लिहा. दोन प्रती, दुसरीवर आवक क्रमांक आणि तारखेचा शिक्का. शिक्का दिसतो का ते खिडकीवरच बघा, फिकट आला तर पुन्हा मागा. ऑनलाइन दिलीत तरी कागदीही द्या. ‘क’ प्रत अजून आली नसेल तर मोजणीच्या अर्जाची पावती जोडा आणि ‘नकाशा प्राप्त होताच सादर करू’ असं लिहून ठेवा. हे दुधाची तहान ताकावर आहे, पण निदान सुनावणीत नकाशा दाखल करायला दार उघडं राहतं.

सुनावणी घेणारी नियोजन समिती असते: स्थायी समितीतले तीन सदस्य आणि नगररचना संचालकांनी नेमलेले जास्तीत जास्त चार तज्ज्ञ. पुण्यात या दोन्ही गटांनी वेगवेगळे अहवाल दिले, मार्च 2015 मध्ये शासनाने आराखडा ताब्यात घेतला आणि मंजुरी यायला जानेवारी 2017 उजाडलं. तेव्हा एका सदस्याने मान डोलावली म्हणून पेढे वाटू नका. बोलायला काही मिनिटंच मिळतात. ए-3 नकाशाच्या सात प्रती, मूळ कागद, दुसऱ्याला पाठवत असाल तर अधिकारपत्र, आणि एका पानाचं लेखी म्हणणं, ज्याची पोच घ्यायची. तोंडी बोललेलं इतिवृत्तात कसं उतरेल यावर तुमचा ताबा नाही. नोटीस टपालाने येते, पत्ता बदलला असेल तर आधीच कळवा. गैरहजर राहिलात तर कागदावरूनच निर्णय, आणि त्या कागदांत ‘क’ प्रत नसेल तर निर्णय काय असेल ते सांगायला नको.

पुढचं थोडक्यात. समितीचा अहवाल येतो, प्राधिकरण बदल करतं, कलम 30 खाली आराखडा शासनाकडे जातो, कलम 31 खाली मंजुरी. शासन सारभूत स्वरूपाचे बदल करणार असेल तर तेवढा भाग वगळून पुन्हा हरकती मागवतं. ही सूचना लोकांच्या नजरेतून सुटते कारण तोवर सगळे कंटाळलेले असतात. राजपत्र बघत राहा, वगळलेल्या भागांच्या अनुसूचीत आपला गट नंबर शोधा, सापडला तर पुन्हा हरकत, त्याच नकाशासह.

आरक्षण कायम राहिलं तर समावेशक आरक्षण (थोड्या भागात सुविधा बांधून देऊन उरलेली जागा स्वतः वापरणं), टीडीआर (जमिनीच्या बदल्यात मिळणारा, दुसरीकडे वापरता येणारा बांधकामाचा हक्क) किंवा वाढीव एफएसआय यांचा हिशेब तज्ज्ञाकडून करून घ्या. काहीच झालं नाही तर आराखडा अंमलात आल्यापासून दहा वर्षांनी कलम 127 ची, म्हणजे ‘जमीन घ्या नाहीतर आरक्षण सोडा’ अशी नोटीस देता येते. त्यानंतर प्राधिकरणाला 24 महिने. या नोटिशीला मालकीचे कागद जोडणं कायद्यातच आहे, नुसतं पत्र पाठवू नका. टीडीआर घेणार असाल तर जमिनीवरचा बोजा आधी उतरवा. जमीन प्राधिकरणाच्या नावे होऊन सातबारा किंवा मिळकत पत्रिका बदलल्याशिवाय प्रमाणपत्र निघत नाही, आणि सोसायटीच्या कर्जाची जुनी नोंद इतर हक्कात पडून असली की फाइल तिथेच थांबते.