जुन्या पीसीवर गेम अडकतोय? नवीन पार्ट घेण्याआधीच्या रविवारची तयारी

मे महिन्यात जळगावला बहिणीकडे गेलो होतो. बॅग ठेवायच्या आधीच भाच्याने मला कॉम्प्युटरसमोर बसवलं. "मामा, जीटीए फार लॅग मारतोय. दुकानदार म्हणतो ग्राफिक्स कार्ड बदला." पीसी २०१५ सालचा, असेंबल केलेला. आय५-४४६० प्रोसेसर, एच८१ चिपसेटचा बोर्ड, ४ जीबीची एकच रॅम, ५०० जीबीची हार्ड डिस्क आणि २ जीबीचं जीटीएक्स ७५० टीआय कार्ड. आम्ही एक अख्खा रविवार त्याला दिला. कार्ड बदलावं लागलं नाही, कारण दुखणं कार्डात नव्हतंच. त्या दिवशी जे केलं आणि ज्या क्रमाने केलं, ते इथे लिहितो आहे. क्रम महत्त्वाचा आहे, कारण दोन गोष्टी एकदम बदलल्या की कशामुळे फरक पडला ते शेवटपर्यंत कळत नाही.

सगळ्यात आधी एक वही घ्या. मोबाइलमधली नोट नको, वहीच, कारण मोबाइल त्या दिवशी फोटो काढायला आणि टॉर्च धरायला लागणार आहे. आदल्या दिवशी घरातले फोटो, शाळा-कॉलेजची कागदपत्रं, बँकेची स्टेटमेंट्स असं सगळं पेन ड्राइव्हवर किंवा बाहेरच्या हार्ड डिस्कवर काढून ठेवा. दहा वर्षं चाललेली हार्ड डिस्क कधी बसेल याचा नेम नसतो, आणि गेम नीट करता करता आजीच्या पंचाहत्तरीचे फोटो गेले तर त्या रविवारी घरात कुणी जेवणार नाही. सामान थोडंच लागतं: चांगला चौफुली स्क्रू ड्रायव्हर, मऊ पेंटिंग ब्रश, ब्लोअर (शेजारच्यांचा चालेल), थर्मल पेस्टची (प्रोसेसरची उष्णता कूलरपर्यंत पोचवणाऱ्या मलमाची) लहान ट्यूब, आयसोप्रोपिल अल्कोहोल, पांढरं सुती फडकं आणि खोडरबर.

मग तक्रार नीट लिहून काढा. मुलं सगळ्यालाच लॅग म्हणतात, पण त्या एका शब्दात चार वेगळी दुखणी असतात. गेम पहिल्या मिनिटापासून शेवटपर्यंत सारखाच जड चालत असेल, तर कार्ड, प्रोसेसर किंवा गेमची सेटिंग्ज. पहिली पंधरा-वीस मिनिटं छान आणि मग हळूहळू मरगळ, तर उष्णता. बाकी सगळं ठीक, पण गाडी नव्या भागात शिरली किंवा नवीन दार उघडलं की अर्धा-एक सेकंद चित्र गोठतं, तर डिस्क किंवा रॅम. आणि आपलं पात्र सुरळीत हलतं पण समोरचे खेळाडू एका जागेवरून दुसऱ्या जागी उड्या मारतात, तर ते दुखणं इंटरनेटचं. त्यासाठी कॅबिनेट उघडायचं कारण नाही, राउटरपासून लॅनची वायर ओढून पाहा. भाच्याला हे चार प्रश्न विचारले तेव्हा दुसऱ्या आणि तिसऱ्या, दोन्हींवर त्याने मान डोलावली.

आता मोजमाप. विंडोज १० किंवा ११ असेल तर विंडोज आणि जी ही बटणं एकदम दाबली की गेम बार उघडतो. त्यात प्रोसेसर, ग्राफिक्स, रॅम आणि एफपीएस (सेकंदाला किती चित्रं पडद्यावर येतात तो आकडा) दिसतात. तापमानासाठी एचडब्ल्यूइन्फो किंवा एमएसआय आफ्टरबर्नर घ्या, दोन्ही फुकट आहेत. मोजायची जागा मात्र दर वेळी तीच हवी. जीटीए ५ मध्ये बेंचमार्क, म्हणजे दर वेळी तेच दृश्य चालवून वेग मोजणारी चाचणी, आतच दिलेला आहे. ज्या गेममध्ये तो नाही तिथे एक ठरावीक रस्ता, एक ठरावीक सेव्ह निवडा आणि प्रत्येक बदलानंतर तिथूनच दोन मिनिटं खेळा. वहीत चार आकडे येऊ द्या: सरासरी एफपीएस, सगळ्यात खाली गेलेला एफपीएस, प्रोसेसरचं तापमान आणि रॅम किती भरली. पहिली नोंद अर्धा तास खेळून झाल्यावरची घ्या. थंड मशिनचे आकडे फसवतात.

यातला सगळ्यात खालचा आकडा सरासरीपेक्षा जास्त बोलतो. ६० एफपीएस म्हणजे प्रत्येक चित्राला १६.७ मिलिसेकंद मिळतात, ३० म्हणजे ३३.३. डोळ्याला सरासरी जाणवत नाही, मध्येच एक चित्र २०० मिलिसेकंद लांबलं तर तेच खुपतं. आमच्याकडे सरासरी ४३ होती, ऐकायला वाईट नाही, पण खालचा आकडा ६ होता.

कार्ड कमी पडतंय की प्रोसेसर, हे ओळखायची एक सोपी चाचणी आहे आणि ती दुकानात जायच्या आधी कराच. गेमचं रिझोल्युशन १९२० बाय १०८० वरून १२८० बाय ७२० वर आणा. पिक्सेल साधारण २०.७ लाखांवरून ९.२ लाखांवर येतात, म्हणजे कार्डाचं ओझं निम्म्याहून खाली. एफपीएस भरभर वाढला तर कार्ड अडत होतं. जागचा हलला नाही, तर कार्ड बदलून काहीही होणार नाही. आमचा हलला नाही. दुकानदाराचं ऐकलं असतं तर पैसे पाण्यात गेले असते, हे बहिणीला त्या क्षणी समजलं आणि तिने चहा टाकला.

फुकटातल्या गोष्टी आधी उरकून घ्या. मॉनिटरची केबल कॅबिनेटच्या मागे कुठे लागली आहे ते बघा. कार्ड असूनही केबल वरच्या, बोर्डाच्या पोर्टात खोचलेली मी किमान तीन घरांत पाहिली आहे. तिथे सगळा गेम प्रोसेसरमधल्या साध्या ग्राफिक्सवर चालत होता आणि कार्ड नुसतं बसून होतं. पॉवर प्लॅन 'हाय परफॉर्मन्स'वर ठेवा. कंट्रोल-शिफ्ट-एस्केप दाबून टास्क मॅनेजर उघडा आणि स्टार्टअपमधली ओळखीची नसलेली नव्हे, तर ओळखीची पण गरज नसलेली नावं बंद करा. अनोळखी नाव आधी शोधून पाहायचं. ब्राउझर पूर्ण बंद, पार्श्वभूमीतलं गेम रेकॉर्डिंग बंद. दोन अँटिव्हायरस असतील तर एकच ठेवा. प्रत्येक बदलानंतर वहीत ओळ.

मग कॅबिनेट. घरात सगळे ज्याला सीपीयू म्हणतात तो डबा. मेन स्विच बंद करा, वायर काढा, पॉवरचं बटण दहा सेकंद दाबून धरा म्हणजे आत उरलेला करंट जाईल. डबा गॅलरीत न्या, घरात उघडलात तर ती धूळ पुन्हा घरातच बसेल. आतल्या कुठल्याही भागाला हात लावण्याआधी डब्याच्या उघड्या पत्र्याला हात टेकवा. आणि काहीही काढण्याआधी फोटो, दोन बाजूंनी, टॉर्च मारून.

आमच्या प्रोसेसरचा पंखा वरून स्वच्छ दिसत होता. भाचा म्हणाला, "मामा, हा तर मी मागच्या महिन्यात पुसलाय." पंखा उचलला तेव्हा खाली ॲल्युमिनियमच्या पात्यांवर राखाडी नमदा पसरलेला होता, बोटाने उचलला तर अख्खा थर एका तुकड्यात वर आला. पंखा फिरत होता, पण त्याची हवा त्या नमद्यावर आपटून परत येत होती. जळगावच्या ४४ अंशांत हा प्रोसेसर ९८ पर्यंत पोचत होता. या पिढीचे इंटेल प्रोसेसर १०० च्या आसपास पोचले की स्वतःला वाचवण्यासाठी वेग कमी करतात. वीस मिनिटांनी येणारी मरगळ ती हीच.

ब्लोअर मारताना पंख्याचं पातं एका बोटाने धरून ठेवा. हवेने तो भन्नाट फिरला की बेअरिंग जातं. पात्यांच्या फटीत ब्रश, मग ब्लोअर, पुन्हा ब्रश. ग्राफिक्स कार्डाच्या पंख्यालाही तेच. इंटेलचा साधा कूलर चार खुंट्यांवर बसतो. त्या वरच्या बाणाप्रमाणे फिरवून वर ओढल्या की सुटतात. जुनी पेस्ट खडूसारखी वाळलेली असते. ती अल्कोहोलमध्ये भिजवलेल्या फडक्याने पुसा, खरवडू नका. नवी पेस्ट मटाराच्या दाण्याएवढी, मधोमध, बस्स. दाबाखाली ती आपोआप पसरते. खुंट्या बसवताना आधी उलट फिरवून मूळ जागी आणा, मग समोरासमोरच्या कोपऱ्यांतल्या दोन एकदम दाबा. टक् असा आवाज यायला हवा. घाई करू नका. एक खुंटी अर्धवट बसली की कूलर तिरका राहतो आणि साफसफाईनंतर तापमान उलट वाढलेलं दिसतं. बोर्डाच्या मागून दिसत असेल तर चारही टोकं पूर्ण बाहेर आली आहेत का ते बघा. आमचं तापमान ९८ वरून ७१ वर आलं आणि वीस मिनिटांनंतरची मरगळ त्याच दुपारी गेली. खर्च फक्त पेस्टचा.

डबा उघडाच आहे तर रॅमही पाहून घ्या. दोन्ही बाजूंचे चिमटे उघडून पट्टी सरळ वर काढा, सोनेरी दातांवरून खोडरबर हलक्या हाताने फिरवा, कण झटका आणि दोन्ही चिमटे वाजेपर्यंत परत बसवा. गेम चालू असताना रॅम ९० टक्क्यांच्या वर भरत असेल तर उरलेलं सगळं हार्ड डिस्कवर लिहिलं-वाचलं जातं आणि तिथे सगळं अडतं. आजच्या विंडोजसकट ४ जीबीत गेम म्हणजे ओढाताणच. एच८१ बोर्डाला दोनच स्लॉट असतात आणि १६ जीबीपर्यंत रॅम चालते. घेताना डीडीआर३ हवी, डीडीआर४ त्या खाचेत बसतच नाही. आहे त्याच वेगाची, आमच्याकडे १६००, दुसरी पट्टी मिळाली तर दोन्ही मिळून दुहेरी रस्त्याने चालतात. कार्ड नसलेल्या पीसीवर हा फरक फारच ठळक दिसतो, कारण तिथे ग्राफिक्सही याच रॅममधून जेवतं. आम्ही ४ जीबीची जुनी पट्टी मिळवली. दुकानातच लावून, चालू करून, आकडा बघूनच पैसे दिले.

मध्येच चित्र गोठण्याचं कारण डिस्क होती. ७२०० आरपीएमच्या हार्ड डिस्कला एखादा विखुरलेला तुकडा शोधायलाच १२-१३ मिलिसेकंद लागतात, म्हणजे ६० एफपीएसवरचं जवळजवळ एक अख्खं चित्र. शहराच्या एका वळणावर गेमला असे शेकडो तुकडे हवे असतात. टास्क मॅनेजरमध्ये डिस्क १०० टक्के आणि प्रोसेसर ३० टक्के दिसला तर हेच. क्रिस्टलडिस्कइन्फो या प्रोग्राममध्ये डिस्कची तब्येतही बघा. तिथे पिवळी 'कॉशन' आली तर आधी बॅकअप, गेम नंतर. साध्या साटा एसएसडीने (हार्ड डिस्कच्याच जोडणीवर लागणारी, फिरते भाग नसलेली वेगवान डिस्क) हा आजार बराच बरा होतो. दहा वर्षं जुन्या पीसीवर पैसे घालायचे तर मी पहिला रुपया इथेच घालीन. एच८१ वर चार साटा पोर्ट असतात, त्यातले दोनच सेकंदाला ६ गिगाबिट वेगाचे. बोर्डावर नाव छापलेलं असतं, त्यातच लावा. विंडोज आणि रोजचा एक गेम एसएसडीवर, बाकी सामान जुन्या डिस्कवर.

ड्रायव्हरबद्दल, म्हणजे विंडोजकडून कार्ड चालवून घेणाऱ्या सॉफ्टवेअरबद्दल, थोडक्यात: तुमच्या कार्डासाठी निघालेला शेवटचा ड्रायव्हर कंपनीच्याच साइटवरून घ्या, 'ड्रायव्हर अपडेटर' नावाची कुठलीही गोष्ट टाकू नका. विंडोज १० चा नेहमीचा आधार (सुरक्षेचे अपडेट) १४ ऑक्टोबर २०२५ ला संपला, आणि चौथ्या पिढीचे प्रोसेसर, आमचा आय५-४४६० त्यातलाच, विंडोज ११ च्या अधिकृत यादीत नाहीत. म्हणून गेमच्या या मशिनवर बँकेचे व्यवहार करू नका.

शेवटी गेमची सेटिंग्ज. सावल्या आणि गवत आधी खाली आणा, एमएसएए (चित्रातल्या कडा गुळगुळीत करणारी सेटिंग) बंद करा. या तिघांत कार्डाचा सगळ्यात जास्त जीव जातो आणि खेळताना फरक फारसा दिसत नाही. टेक्स्चर (भिंती, रस्ते, कपडे यांच्यावरचं चित्र) कार्डाच्या मेमरीपुरतंच, २ जीबीला 'नॉर्मल'. गर्दी आणि लांबवरचं दृश्य प्रोसेसरवर पडतं, तेही अर्ध्यावर. मग एफपीएसला मर्यादा घाला. ३५ आणि ६० मध्ये हेलकावे खाणाऱ्या गेमपेक्षा ४५ वर टिकून राहणारा गेम हाताला कितीतरी बरा लागतो, आणि डबाही थंड राहतो.

काही गेम या मशिनवर नीट चालायचेच नाहीत, हे मुलांना आधी सांगून ठेवा. काउंटर-स्ट्राइक २ ला किमान ८ जीबी रॅम आणि ८५ जीबी जागा हवी. विंडोज ११ वर व्हॅलरंटला टीपीएम २.० आणि सिक्युअर बूट ही बोर्डाची सुरक्षेची सोय लागते. आणि कधी मोठं कार्ड घ्यायचं ठरलंच, तर आधी एसएमपीएस (डब्यातल्या सगळ्या भागांना वीज पुरवणारा खोका) बघा. ७५० टीआय ६० वॅटमध्ये भागवतं, म्हणून दहा वर्षं जुन्या, कॅबिनेटबरोबर फुकट आलेल्या एसएमपीएसवर ते चाललं. दुप्पट वीज खाणारं कार्ड त्यावर लावू नका.

रात्री दहा वाजता शेवटची नोंद केली. सरासरी ४५, सगळ्यात खाली ३७, तापमान ७०, रॅम ८ पैकी ६.३. भाच्याने ती वहीत लिहिली आणि वही कॉम्प्युटरच्या टेबलाच्या खणात ठेवली. पुढच्या साफसफाईची तारीख त्याने स्वतःच खाली टाकली: दिवाळीच्या आधीचा रविवार.