रतनवाडीला होडीने जाताय? आधी दोरी भरा

दोरी. ती भरा, मग बाकीचं वाचा. पंधरा मीटर नायलॉनची, करंगळीएवढी जाड, आणि सोबत सुतळीचा एक गुंडा. गेल्या खेपेला रतनवाडीला, म्हणजे भंडारदरा धरणाच्या काठच्या, रतनगडाच्या पायथ्याच्या गावी, तंबू नेला, शेगडी नेली, लोणच्याची बरणीसुद्धा नेली आणि दोरी घरी राहिली. हवा भरायची कायाक काठावर ओढून ठेवली की झालं, असं वाटतं. पण माणूस आणि सामान उतरलं की तिच्यात उरते फक्त हवा. संध्याकाळी भंडारदऱ्याच्या पाण्यावर वारा उठला, आम्ही पिठल्यात गुंग, आणि होडी निघून गेली. सकाळी मासे धरणारे एक काका ती पलीकडच्या काठावरून ओढत घेऊन आले. "दावं नव्हतं काय?" एवढंच म्हणाले. पैसे घेईनात.

जायचं दिवाळीनंतर, थंडी सरेपर्यंत. तेव्हा पाणी रतनवाडीच्या अंगाला चांगलं चढलेलं असतं. मे महिन्यात काजवे बघायला खुशाल या, पण होडी आणू नका, गुडघाभर चिखलातून ती खांद्यावर वाहावी लागेल. पावसाळ्यात तर नाहीच. का ते घाटघरचा पाऊस पाहिलेल्या कुणालाही विचारा.

परवानगीचं काम कंटाळवाणं आहे, तरी करा. पाणी जलसंपदा विभागाचं, जंगल वनखात्याचं, म्हणजे कळसूबाई-हरिश्चंद्रगड अभयारण्याचं. स्वतःची होडी उतरवायची तर दोन्हीकडे आधी विचारा. ऐन वेळी नाक्यावर हुज्जत घालून काही होत नाही. तंबू गावात, कुणाच्या तरी खळ्यात किंवा अंगणात, विचारून. काठावर मोकळी जागा दिसली म्हणून ठोकायचा नाही, ती कुणाची तरी असतेच.

लाइफ जॅकेट प्रत्येकाला एक. "मला पोहता येतं" हे उत्तर चालणार नाही. हवेचा पंप आणि पंक्चरची चिकटपट्टी सोबत हवीच, काठाजवळ पाण्याखाली झाडांचे बुंधे आणि धारदार दगड असतात. कपडे आणि अंथरूण ड्राय बॅगेत, म्हणजे पाणी न शिरणाऱ्या पिशवीत. ती नसेल तर खताची जाड पिशवी आत आणि गोणी बाहेर, तेवढ्यानेही भागतं. सामानाचा प्रत्येक डाग होडीला बांधा. कशाने? दोरीने. वल्हंसुद्धा सुतळीने मनगटाला नाही, होडीला बांधायचं.

सकाळी उजाडताच पाण्यात उतरा आणि ऊन चढायच्या आत काठ गाठा, दुपारनंतरचा वारा तोंडावर आला की वल्हवून वल्हवून जागच्या जागी. काठाकाठाने जा, मधून छेद देऊ नका. धरणाच्या भिंतीच्या बाजूला फिरकायचं नाही. पहिल्यांदाच वल्हं हातात धरत असाल तर शेंडी गावाऐवजी मुरशेत गावाच्या बाजूने उतरा, अंतर कमी होतं.

काठाला लागलात? आता पाणी पिऊ नका, फोटो काढू नका. दोरी काढा. होडी उलटी करा आणि पुढून-मागून, दोन्ही टोकांनी झाडाला बांधा. झुडपाला नाही, झाडाला. ओझं म्हणून वर दगड ठेवायचा मोह होईल, तो आवरा, रबर फाटतं. पाण्याने भरलेला कॅन ठेवा. चांगली वर ओढून ठेवा, पण पाण्याच्या भरवशावर राहू नका. १९२६ साली हे धरण पुरं झालं ते प्रवराकाठच्या शेतीसाठी, आपल्या सहलीसाठी नाही. पाणी सुटलं की काठ सरकतो आणि सकाळी मध्ये चिखलाचा पट्टा दिसतो. गाठ येत नसेल तर गावातल्या कुठल्याही पोराला विचारा, म्हैस बांधतात तीच गाठ.

स्वयंपाकाची तयारी अर्धी घरीच होते. पिठल्याचं बेसन कोरडं भाजून, त्यात तिखट, हळद, मीठ, जिरं मिसळून डब्यात भरा. तिथे नुसतं तेल, कांदा, लसूण आणि पाणी. बेसन भाजलेलं असलं की गुठळ्या कमी होतात आणि गॅसही कमी जळतो. खिचडीला मसूर घ्या, तूर शिजता शिजत नाही. सुकट खाणारे असाल तर तीही घरीच भाजून न्या, तंबूजवळ भाजलीत तर गावची कुत्री रात्रभर मुक्कामाला. भाकरी मात्र स्वतः थापायच्या भानगडीत पडू नका. ज्यांच्या अंगणात राहाल त्यांच्याकडून नागलीची गरम भाकरी मागा आणि तिचे नीट पैसे द्या. अभयारण्यात चूल पेटवायची नाही, म्हणून गॅसची छोटी शेगडी. वाऱ्याला आडोसा एकाच बाजूने करा, चारी बाजूंनी कोंडलीत तर गॅसचा कॅन तापून फुटेल. तंबूच्या आत शेगडी पेटवणाऱ्याला पुढच्या वेळी घरी ठेवा. सांडशी न्या. काडेपेटी दोन, दोन वेगळ्या पिशव्यांत. उरलेलं खाणं पिशवीत घालून उंच टांगा. टांगायला काय लागतं ते आता सांगत नाही.

दुसऱ्या दिवशी रतनगड. अमृतेश्वराचं देऊळ आणि पुष्करणी येताना निवांत बघा, आधी चढा. जंगलात कात्राबाईच्या खिंडीकडे एक वाट फुटते, तिकडे वळलात तर हरिश्चंद्रगडाच्या रस्त्याला लागाल. शिड्यांवर माकडं असतात, हातात खाऊची पिशवी नको. पाणी प्रत्येकी तीन लिटर. गडावरच्या टाक्यातून काढायची वेळ आली तर बाटलीला दोरी. नेढ्यात, म्हणजे गडाच्या माथ्यावरच्या कातळातल्या आरपार भोकात, वारा जोरदार, टोपी खिशात. समोर अलंग, मदन, कुलंग हे गड आणि १६४६ मीटरचं कळसूबाई.

परतताना तेच, उलट्या क्रमाने. भांडी काठावर साबणाने घासू नका. कचरा सोबत. होडी पुसून, सुकवून घडी घाला, ओली ठेवलीत तर बुरशी. दोरीही सुकवा. राजूरला पेढे घ्यायचे असतील तर सुटे पैसे वेगळे ठेवा, ओल्या नोटा कुणी घेत नाही.