बेसबॉलचा स्विंग सुधारायचाय? आधी पाय बघा

मुलाचा चेंडू हुकला की बहुतेक प्रशिक्षक हातांवर घसरतात. ‘कोपर वर घे’, ‘मनगट फिरव’, ‘हात लवकर आण’. पण स्विंगमध्ये, म्हणजे बॅट फिरवण्यात, हातांची पाळी उशिरा येते. आधी पाय जमीन रेटतात, मग कंबर वळते, तिच्यामागून छाती, मग हात आणि सगळ्यात शेवटी बॅट. खालचं बिघडलं की हात ते कसंबसं सांभाळून घेतात आणि आपण त्या सांभाळून घेण्यालाच चूक समजून महिनाभर घासत बसतो.

पिचर (चेंडू टाकणारा) ज्या पट्टीवरून टाकतो, तिथून होम प्लेट, म्हणजे हिटर (फटका मारणारा) ज्याच्या बाजूला उभा राहतो ती पाटी, 18.44 मीटरवर असते. ताशी 145 किलोमीटर वेगाचा चेंडू सुमारे 0.4 सेकंदात पोचतो. चांगल्या हिटरचा स्विंग त्यातले 0.15 सेकंद खातो. उरलेल्या पाव सेकंदात चेंडू ओळखायचा आणि मारायचा की सोडायचा हे ठरवायचं. स्विंगमधली फालतू हालचाल काढायची ती यासाठी. दिसायला सुंदर म्हणून नव्हे.

काही सांगण्याआधी मोबाईलवर स्लो मोशनमध्ये चित्रण करा. एकदा हिटरच्या छातीसमोरून, एकदा होम प्लेटच्या मागून, म्हणजे चेंडू झेलणारा कॅचर बसतो त्या बाजूने. सेकंदाला 240 फ्रेम असतील तर बॅट हलल्यापासून चेंडूला लागेपर्यंतच्या फ्रेम मोजा. 36 म्हणजे 0.15 सेकंद. शाळकरी मुलाला जास्त लागतील, त्याची काळजी नको. त्याचाच आकडा वहीत लिहा आणि महिन्याने पुन्हा मोजा.

उभं राहताना पाय खांद्यांपेक्षा थोडे रुंद, गुडघे सैल, वजन तळव्याच्या पुढच्या भागावर. बॅट तळहातात खोल नको, बोटांत धरायची. पिचर हात मागे नेतो तेव्हा हिटरने वजन मागच्या मांडीत साठवायचं. मागचा गुडघा पावलाच्या बाहेर सरकला, तर वजन साठलं नाही, सांडलं. मग पुढचा पाय 15 ते 20 सेंटिमीटर पिचरकडे, हळू. हे पाऊल म्हणजे स्ट्राइड. पाऊल टेकताना हात मागेच राहिले पाहिजेत. कंबर उघडायला लागते, खांदे अजून बंद असतात. ओला टॉवेल पिळताना पडतो तसा पीळ पोटात पडतो आणि ताकद तिथून येते. कंबर आणि खांदे एकदम वळले की पीळच पडत नाही. तो स्विंग नुसत्या दंडाचा.

पुढच्या पायाचं काम बहुतेकांना सांगितलंच जात नाही. तो ब्रेक आहे. धावत्या एसटीने ब्रेक मारला की उभे प्रवासी पुढे फेकले जातात, तसं पुढचा गुडघा ताठ होत थांबला की वरचं अंग आणि बॅट वेगाने पुढे येते. गुडघा वाकलेलाच राहिला तर हिटर चेंडूवर झेपावतो, डोकं पुढे जातं आणि हळू चेंडूला फसतो. इलाज: स्ट्राइड घेऊन दोन सेकंद थांबायचं, मग टीवरचा (चेंडू ठेवायच्या उभ्या दांडीवरचा) चेंडू मारायचा. पाचाचे दोन सेट. थांबल्यावर पुढच्या पायाखालून जमीन ओढून घेतली तरी हिटर पडता कामा नये, असा तोल हवा.

हातांचे दोष मुख्यतः दोन. पहिला, हात सुरुवातीलाच अंगापासून लांब फेकले जातात आणि बॅट मोठा वळसा घेते. आतला, म्हणजे अंगाजवळ येणारा चेंडू मग बॅटच्या मुठीजवळ लागतो. बॅटचं एक टोक बेंबीला आणि दुसरं जाळीला टेकेल इतक्या अंतरावर उभं करून, जाळीला न लावता स्विंग करायला लावा. जुनी बॅट घ्या आणि पाच-सहा वेळाच. जास्त केलं तर मुलं हात आखडून घ्यायला शिकतात. दुसरा, मागचं कोपर हातांच्या पुढे निघून जातं आणि बॅट मागे रेंगाळते. इथे तंत्राला दोष देण्याआधी बॅट तपासा. मुठीच्या टोकाकडच्या हाताने बॅट बाजूला आडवी 20 सेकंद धरता येत नसेल तर ती त्या मुलाला जड आहे.

‘वरून खाली मार’ हा सल्ला अजून ऐकू येतो. वेगवान चेंडू साधारण 6 अंशांनी उतरत येतो. बॅट तेवढीच चढती असली तर ती चेंडूच्या वाटेवर जास्त वेळ राहते, वेळ थोडी चुकली तरी फटका बसतो. हे दाखवायला दोन टी लावा: पुढची 30 सेंटिमीटर पिचरच्या बाजूला आणि 3 सेंटिमीटर उंच. मागच्या टीवरचा चेंडू मारून पुढचा उडवायचा. फटके आकाशात जात असतील तर चढण जास्त झाली असं लगेच समजू नका. बहुधा मागचा गुडघा कोसळून खांदा खाली गेलेला असतो.

टीची जागाही नीट ठेवा. मधला चेंडू पुढच्या पावलाच्या जरा पुढे, आतला त्याहून 15 सेंटिमीटर पुढे, बाहेरचा पुढच्या मांडीच्या रेषेत. टी प्लेटच्या मध्यावर ठेवून तिच्यासमोर उभं राहिलं की उशिरा मारण्याची सवय सरावातूनच लागते.

क्रिकेटमधून आलेल्या मुलांना आणखी एक घोळ होतो. क्रिकेटचा ‘टॉप हँड’ इथे ‘बॉटम हँड’ होतो, कारण बॅट वर धरलेली असते. त्यामुळे ‘मुठीच्या टोकाकडचा हात’ आणि ‘बॅटच्या जाड भागाकडचा हात’ असंच म्हणा. चेंडू डोळ्यांखाली येऊ देण्याची त्यांची सवय इथे नडते, पण नजर पक्की असते. तिला हात लावू नका.

एका दिवशी एकच सूचना. आठवी-नववीच्या मुलाला 60 स्विंग पुरे: 20 टीवर, 20 जाळीआडून समोरून हळू टाकलेल्या चेंडूंवर, 20 खऱ्या पिचिंगवर, पाच-पाचच्या सेटमध्ये, मध्ये अर्धा मिनिट थांबून. दमल्यावर मारलेला प्रत्येक फटका पुन्हा हातांवरच येतो, म्हणून सेटमध्ये स्विंग बिघडायला लागला की बॅट खाली ठेवायला सांगा, मग आकडा 60 झालेला असो की 45.