देवमासा आणि तेल : अलास्कात अभ्यासाला जाणाऱ्यांसाठी

उत्तर अलास्कातल्या इनुपियात या मूळ रहिवाशांच्या देवमाशाच्या शिकारीवर अभ्यास करायला निघणारे बहुतेक जण तेलगळतीचा विषय डोक्यात घेऊन येतात. भीती खरीच आहे, तुटक्या बर्फातलं तेल गोळा करणं महाकठीण. पण सुरुवात आवाजापासून करा.

समुद्रतळाखालचं तेल शोधताना जहाजामागच्या एअरगनमधून दर काही सेकंदांनी दाबलेल्या हवेचा बार काढतात. 1996 ते 1998 या काळात असं दिसलं, की शरदात पश्चिमेला निघालेले बोहेड देवमासे (शिकार होते ती यांचीच) अशा जहाजापासून सुमारे 20 किलोमीटर लांबून जातात. शिकारी हे आधीपासून सांगत होते.

याचा अर्थ नुइक्सुट गावच्या शिकाऱ्यांकडून समजून घ्या. प्रुढो बे या तेलक्षेत्रासमोरच्या क्रॉस आयलंड बेटावर ते मुक्काम करतात. मासा खोल समुद्राकडे सरकला, की छोट्या होड्या लाटा-धुक्यात तितक्याच दूर जातात. मग मेलेला मासा शेपटीला दोर बांधून हळूहळू ओढत आणायचा. पाणी शून्याच्या आसपास असतं, तरी फूट-दीड फूट चरबीखाली अंगातली उष्णता कोंडून राहते आणि मांस आतून नासतं.

म्हणून वहीत पाच रकाने हवेतच : भाला लागला ती जागा, ती वेळ, किनाऱ्याला लागल्याची वेळ, वारा, जळालेलं इंधन. नुसते मासे मोजलेत तर नुकसान दिसणारच नाही. मासे तेवढेच मिळतात, धोका वाढलेला असतो. शिवाय कोटा 'प्रहारां'चा असतो, गावं मिळून वर्षाला साधारण 67. जखमी होऊन निसटलेला मासाही त्यात धरला जातो.

1977 मध्ये आंतरराष्ट्रीय व्हेलिंग आयोगाने देवमासे फार कमी उरलेत म्हणून शिकार बंद केली, तेव्हा अलास्का एस्किमो व्हेलिंग कमिशन ही शिकाऱ्यांची संघटना उभी राहिली. मासे बर्फाखालूनही जातात, शास्त्रज्ञांची मोजणी अपुरी आहे, हे शिकाऱ्यांचं म्हणणं पाण्यातल्या मायक्रोफोननी खरं ठरवलं. तेलकंपन्यांशी होणारे या कमिशनचे करार जरूर वाचा. शरदातल्या शिकारीच्या काळात सर्वेक्षण थांबवण्याच्या तारखा त्यांतच असतात.

'तुम्ही तेलाच्या बाजूचे की विरोधातले?' असं मात्र विचारू नका. 1972 मध्ये स्थापन झालेल्या नॉर्थ स्लोप बरोच्या (इथल्या स्थानिक सरकारच्या) शाळा तेलावरच्या करातून चालतात, देवमासे मोजणारं खातंसुद्धा.

एप्रिल-मे आणि सप्टेंबरात मुलाखती मागू नका. वसंतात उत्कियाग्विक गावाजवळच्या बर्फावर मासा ओढताना कप्पीच्या दोराला जितके हात मिळतील तितके हवे असतात. तिथे वही खिशात ठेवा.