नागीण उठल्यास पहिल्या तीन दिवसांत काय करावे

भातलावणीच्या दिवसांत आमच्या काकूंच्या पाठीत डावीकडे आग होऊ लागली, तेव्हा चिखलात वाकून वाकून उसण भरली असावी असे समजून घरच्यांनी तेल चोळले. चौथ्या दिवशी पाठीपासून काखेखालून छातीपर्यंत तांबूस पट्टा उठला, त्यावर मोहरीएवढे पाण्याचे फोड घोसाघोसाने आले आणि तो पट्टा छातीच्या मधोमध, रेघ आखावी तसा थांबला. आधी आग आणि मग एकाच बाजूला फोड, ही नागिणीची खूण होय.

कांजिण्या बऱ्या झाल्या तरी त्यांचा विषाणू शरीरातून जात नाही. तो मज्जातंतूंच्या मुळाशी दडून राहतो आणि वाढते वय, कर्करोगावरील उपचार किंवा स्टिरॉइड यांमुळे प्रतिकारशक्ती उतरली की एखाद्या तंतूच्या वाटेने त्वचेवर येतो. असा तंतू अंगाच्या एकाच बाजूला पसरलेला असतो. त्यामुळे नागिणीचे तोंड व शेपूट जुळले की माणूस दगावतो, ही आपल्याकडची भीती निराधार आहे.

कोकणात अजूनही प्रथम गेरूचा लेप लावतात आणि देवाला गाऱ्हाणे घालतात. गाऱ्हाणे अवश्य घालावे, परंतु त्यापायी दिवस जाऊ देऊ नयेत, कारण विषाणूवरील गोळ्या फोड दिसल्यापासून 72 तासांच्या आत सुरू झाल्यास सर्वाधिक उपयोगी पडतात. प्रौढांना सामान्यतः असायक्लोव्हिर 800 मिलिग्रॅम दिवसातून 5 वेळा, किंवा व्हॅलासायक्लोव्हिर 1 ग्रॅम 3 वेळा, असे 7 दिवस देतात. मूत्रपिंडाचा विकार असल्यास मात्रा कमी करावी लागते, म्हणून औषध डॉक्टरांकडूनच ठरवून घ्यावे. नुसत्या मलमावर विसंबू नये.

कपाळावर, पापणीवर किंवा नाकाच्या शेंड्यावर फोड आले, तर डोळ्याला धोका असतो. त्याच दिवशी नेत्रतज्ज्ञांना दाखवावे. कानाजवळ फोड येऊन तोंड वाकडे झाले, तरीही थांबू नये.

फोड फोडू नयेत. ते स्वच्छ पाण्याने धुऊन हलकेच टिपावेत आणि वर सैल सुती कपडा घालावा. पावसाळी दमट हवेत कपडे पुरते वाळत नाहीत, तेव्हा ओलसर कपडा अंगावर ठेवू नये. फोडांतील पाण्यामुळे कांजिण्या न झालेल्यांना कांजिण्या होऊ शकतात, म्हणून खपल्या धरेपर्यंत गरोदर स्त्रिया व तान्ह्या मुलांपासून दूर राहावे आणि फोड झाकून ठेवावेत.

खपली पडली तरी काकूंना पदराचा स्पर्शही महिनोन्‌महिने सोसवत नव्हता. अशी वेदना तीन महिन्यांनंतरही राहिल्यास ती सहन करीत बसू नये. गॅबापेन्टिन किंवा अमिट्रिप्टिलिनसारखी, मज्जातंतूंच्या दुखण्यावरची औषधे डॉक्टर देतात. पन्नाशी उलटलेल्यांसाठी नागिणीची लस 2023 पासून भारतात मिळते. तिचे दोन डोस 2 ते 6 महिन्यांच्या अंतराने घ्यायचे असतात, आणि नागीण होऊन गेलेल्यांनाही ती बरे झाल्यावर घेता येते.