फाशीचं निकालपत्र वाचताना चूक कुठे शोधायची

बहुतेक जण गुन्ह्याच्या वर्णनापासून सुरुवात करतात आणि तिथेच फसतात. ती पानं वाचून डोकं इतकं तापतं की पुढचा तकलादू पुरावाही पक्का वाटू लागतो. गुन्हा भयंकर होता याबद्दल सहसा वाद नसतोच. तो याच माणसाने केला का, एवढंच बघायचं असतं. म्हणून ते वर्णन सर्वांत शेवटी वाचा.

आधी दोन तारखा काढा: दोषी ठरवल्याची आणि शिक्षा सुनावल्याची. शिक्षेबाबत आरोपीचं म्हणणं वेगळं ऐकावंच लागतं. दोन्ही तारखा एकच असतील, तर त्याचं बालपण, मानसिक आजार, तुरुंगातली वागणूक यांचे कागद वकिलाने आणायचे कधी? ‘आरोपी गरीब असून घरी वृद्ध आईवडील आहेत’ एवढ्या ओळीवर विषय आटोपला असेल, तर अपिलाचा मुद्दा हाती लागला समजा.

मग ओळख परेड, म्हणजे साक्षीदाराने अनेकांमधून आरोपीला ओळखण्याची चाचणी. अटकेनंतर ती किती दिवसांनी झाली? मधल्या काळात आरोपीचा फोटो छापून आला होता का? आणि मुख्य म्हणजे, साक्षीदाराने त्याआधी दुसऱ्याच कुणाला ओळखलं होतं का? नाशिक जिल्ह्यातल्या २००३ च्या हत्याकांडाच्या खटल्यात जखमी साक्षीदार महिलेने पोलिसांकडच्या फोटोंमधून वेगळ्याच चौघांना ओळखलं होतं. त्यांचा तपास झालाच नाही. २००९ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने सहा आरोपींना फाशी ठोठावली आणि २०१९ मध्ये त्याच न्यायालयाने सहाही जणांना निर्दोष सोडलं.

आरोपीने अटकेत असताना लपवलेलं हत्यार ‘काढून दिलं’ असेल, तर पंचाची (जप्तीच्या वेळच्या साक्षीदाराची) सरतपासणी, म्हणजे सरकारी वकिलाने घेतलेली साक्ष, बाजूला ठेवून आरोपीच्या वकिलाने घेतलेली उलटतपासणी वाचा. जागा येण्याजाण्याची होती का, पोलिसांना ती आधीच ठाऊक होती का, मुद्देमालाला सील कधी लागलं, हे तिथेच बाहेर येतं.

वयाकडे हमखास दुर्लक्ष होतं. अल्पवयीन असल्याचा मुद्दा कोणत्याही टप्प्यावर मांडता येतो. पुण्यातल्या १९९४ च्या हत्याकांडात फाशीची शिक्षा सुनावलेला एक आरोपी गुन्ह्याच्या वेळी अवघा १२ वर्षांचा होता, हे शाळेच्या नोंदीवरून मान्य झालं ते २०२३ मध्ये. तोवर त्याची २८ वर्षं तुरुंगात गेली होती.

शेवटी आधाराला घेतलेले जुने निकाल तपासा. त्यांत सर्वोच्च न्यायालयाचा ‘रावजी’ (१९९६) हा निकाल दिसला, तर समासात खूण करा. त्यात फक्त गुन्हा पाहिला, गुन्हेगार पाहिलाच नाही. फाशी देताना गुन्हा आणि गुन्हेगार दोन्ही पाहायला सांगणाऱ्या ‘बचन सिंग’ (१९८०) निकालाशी ते विसंगत असल्याचं सर्वोच्च न्यायालयानेच २००९ मध्ये सांगितलं आहे.