ट्रेलर हलका आहे म्हणे! गाडीमागे कॅरव्हॅन लावण्याआधी या चुका टाळा

चिपळूणहून गुहागरला जाणाऱ्या रस्त्यावर माझी फॅब्रिकेशनची शेड आहे. मूळ धंदा गेट, ग्रिल आणि होड्या ओढायच्या ट्रॉल्यांचा. गेली काही वर्षं मात्र दिवाळीत आणि मे महिन्यात एक नवीन प्रकारचं गिऱ्हाईक दारात येतं. गाडीमागे छोटी कॅरव्हॅन, म्हणजे आत राहायची सोय असलेला ट्रेलर, तिचं काहीतरी मोडलेलं, आणि तोंडात ठरलेलं वाक्य: "काका, ट्रेलर तर एकदम हलका आहे." हलका म्हणजे किती, असं विचारलं की मोबाइलवर जाहिरात दाखवतात. वजनकाट्याची पावती आजवर एकानेही दाखवलेली नाही.

तेच तेच सांगून घसा बसला, म्हणून लिहून ठेवतोय. ज्या चुकीचा मला जास्त राग येतो ती आधी.

जाहिरातीतल्या वजनावर विश्वास

जाहिरातीतलं वजन रिकाम्या डब्याचं असतं. कधी कधी तर आतलं सुतारकाम होण्याआधीचं. आपण ओढतो तो डबा भरलेला असतो, हे इतकं साधं आहे की सांगायलाही लाज वाटते.

दोन वर्षांपूर्वी मे महिन्यात पुण्याचं एक कुटुंब गुहागरला चार दिवस राहून परत निघालं होतं. नवरा, बायको, दोन मुलं, आजी. गाडी छोटी एसयूव्ही, ट्रेलर एका अ‍ॅक्सलचा, म्हणजे दोनच चाकांचा. टपरीवर चहाला थांबले तेव्हा कोणीतरी म्हणालं, चाकं वरून आत कलल्यासारखी दिसतात. टपरीवाल्याने त्यांना माझ्याकडे धाडलं. खाली वाकून बघितलं तर अ‍ॅक्सल मधोमध खाली वाकलेला. मी म्हटलं, आधी चिरेखाणीच्या वजनकाट्यावर जाऊन या. गृहस्थांना ते पटेना. "साडेसहाशे किलोचा आहे हो, कंपनीने लिहून दिलंय." तरी गेले. ट्रेलर गाडीपासून सोडून एकटा काट्यावर चढवला. पावती आली १०९० किलोची.

मग आम्ही दोघं हिशेबाला बसलो. डबा ६५०. वर बसवलेला एसी ५०. इन्व्हर्टरची मोठी ट्युब्युलर बॅटरी ६०. घरगुती सिलिंडर भरलेला, ३० च्या आसपास. नंतर हौसेने करून घेतलेली कपाटं, त्यात १८ मिलिमीटर प्लायच्या तीन शीट गेलेल्या. आठ बाय चारची एक शीट ३५ किलोच्या घरात जाते, म्हणजे १०५. गाद्या आणि भांडी ३५. हापूसच्या तीन पेट्या ६०. आणि टाकीत १०० लिटर पाणी, म्हणजे १०० किलो. पाणी का? तर गुहागरच्या नातेवाइकांच्या विहिरीचं पाणी गोड लागतं म्हणून टाकी काठोकाठ भरून पुण्याला नेत होते. यावर मी काही बोललो नाही.

ट्रेलरचे टायर होते १४५/८० आर १२. त्यांच्या बाजूवर लोड इंडेक्स ७४ छापलेला. ७४ म्हणजे एका टायरला जास्तीत जास्त ३७५ किलो. दोन टायर, ७५० किलो. पाणी आणि आंबे वजा केले तरी ९३० होतात, आणि तेवढं घेऊन हे लोक येताना कुंभार्ली घाट उतरून आले होते. "ओढताना काही जाणवलंच नाही हो," असं वर ऐकवलं. जाणवणार कसं? येताना उतार होता.

टाकी मी माझ्या पोफळींना सोडली. पेट्या दुसऱ्या गाडीने पाठवा आणि ट्रेलर इथेच ठेवा, असं दोनदा सांगितलं. पण सोमवारी ऑफिस होतं. संध्याकाळी फोन आला: कुंभार्लीत चार वळणंही झाली नव्हती तोच क्लचचा जळका वास, मग धूर, मग गाडी हलेना. शेवटी क्रेन बोलवावी लागली. गणित डोक्यात बसवून घ्या. शंभर मीटरमागे दहा मीटर चढ असेल, तर टनभराचा ट्रेलर साधारण १०० किलोच्या जोराने तुम्हाला मागे खेचतो. सपाटीवर लागणारी ओढ आणखी वेगळी.

माझी सवय अशी: ट्रेलर विकत घ्यायच्या आधी मालकाला सांगायचं, सामानासकट काट्यावर घेऊन ये, काट्याचे पैसे माझे. जो नाही म्हणतो त्याचा ट्रेलर बघायलाही जात नाही. घेतल्यावर तीन पावत्या करायच्या. पहिली माणसं बसलेल्या नुसत्या गाडीची. दुसरी ट्रेलर जोडून, पण काट्यावर फक्त गाडीची चाकं. तिसरी फक्त ट्रेलरच्या चाकांची. दुसरीतून पहिली वजा केली की ट्रेलर गाडीच्या हिचवर, म्हणजे मागच्या जोडणीवर, किती भार टाकतो ते कळतं. तो तिसरीत मिळवला की ट्रेलरचं पूर्ण वजन.

युरोपात नवशिक्याला सांगतात की भरलेला ट्रेलर गाडीच्या स्वतःच्या वजनाच्या ८५ टक्क्यांपेक्षा जास्त नको. तिकडे ट्रेलरला ब्रेक असतात आणि रस्ते रुंद असतात. मी कोकणात निम्म्याच्या वर जात नाही. १८०० किलोची गाडी असेल तर भरलेला ट्रेलर ९००. हा नियम कुठल्या पुस्तकातला नाही, परशुराम घाटातला पावसाळा बघून बनवलेला आहे.

परदेशी व्हिडिओ बघून ठरवणं

ऑस्ट्रेलियात टोयोटाची हायलक्स साडेतीन टन ओढते, हे खरं. ते ब्रेकवाल्या ट्रेलरसाठी; बिनब्रेकच्या ट्रेलरला तिकडेही मर्यादा ७५० किलोची. आपल्याकडे त्याच नावाच्या गाडीला तोच आकडा लागू आहे, असं धरून चालू नका. तुमच्या गाडीची माहितीपुस्तिका काढा. काही छोट्या गाड्यांच्या पुस्तिकेत 'ही गाडी ट्रेलर ओढण्यासाठी बनवलेली नाही' असं स्वच्छ छापलेलं असतं. तसं असेल तर विषय संपला. मला "थोडं जुगाड करून देता का" असं विचारू नका, मी करून देत नाही.

गाडीत काय भरलंय ते विसरणं

ओढण्याची ताकद ही एक मर्यादा. गाडीने स्वतःच्या पाठीवर किती घ्यावं ही दुसरी, आणि बहुतेकांची गाडी आधी इथेच अडते. समजा गाडी रिकामी १८०० आणि भरून जास्तीत जास्त २४००. हातात ६००. पाच माणसं ३२५, सामान ८०, वरचा कॅरिअर आणि हिच मिळून ५५. उरले १४०. हजार किलोच्या ट्रेलरचा हिचवरचा भार १०० धरला तर शिल्लक ४०. त्यात आजीचा पाटा-वरवंटा बसत नाही. हसू नका, एकदा डिकीत सापडलाय.

मागचा भाग जड भरणं

ही चूक मी स्वतः केली आहे, म्हणून जरा सविस्तर.

आमच्या आजोबांकडे बैलगाडी होती. गवत भरताना ते गड्यावर ओरडायचे, "उलाळ करू नको!" मागे जास्त भरलं की गाडी उलाळ होते, पुढचा भाग उचलला जातो आणि जू बैलांच्या मानेवरून वर उठतं. मग ना बैलांच्या हातात गाडी राहते, ना गाडीवानाच्या. एवढं ज्ञान घरात असूनही मी पहिल्या ट्रेलरला पाण्याची टाकी चाकांच्या मागे लावली. का? तर तिथे जागा होती आणि वेल्डिंग सोपं होतं. आळस, दुसरं काही नाही.

टाकीशिवाय ट्रेलर ५८० किलोचा, हिचवर ७० किलो. झकास. हिच ते अ‍ॅक्सल अंतर तीन मीटर. आता अ‍ॅक्सलच्या मागे १.२ मीटरवर ८० लिटर पाणी आलं. ८० गुणिले १.२ भागिले ३, म्हणजे हिचवरून ३२ किलो कमी झाले. मुलांच्या दोन सायकली रॅकसकट ४० किलो, १.८ मीटर मागे. आणखी २४ गेले. ७० चे राहिले १४. सातशे किलोचा ट्रेलर आणि हिचवर जेमतेम दोन टक्के. दहा टक्के हवेत.

घाटात काही झालं नाही, वेगच नव्हता. सावर्ड्याच्या अलीकडे चौपदरी रस्ता मोकळा मिळाला, वेगाचा काटा ७५ वर गेला आणि शेजारून एक ट्रॅव्हल्सची बस सुसाट निघाली. तिच्या वाऱ्याने ट्रेलर आधी जरासा हलला, मग डावीकडे, मग उजवीकडे, दर झोक्याला जास्त. मासा पाण्याबाहेर काढल्यावर शेपूट हाणतो तसा. आरशात ट्रेलरची एक बाजू दिसायची, मग दुसरी. बायको "अहो!" एवढंच म्हणाली आणि डॅशबोर्ड धरून बसली. मी ब्रेक दाबला, जे अजिबात करायचं नसतं. ट्रेलर आणखी फिरला आणि दुभाजकाला घासून थांबला. कोणाला लागलं नाही. डाव्या बाजूची सायकल मात्र तिथेच ठेवून आलो.

असं झालं तर स्टिअरिंग सरळ धरायचं, अ‍ॅक्सिलरेटर सोडायचा, ब्रेकवरचा पाय आवरायचा आणि गाडी आपोआप मंदावू द्यायची. ट्रेलरला वेगळा इलेक्ट्रिक ब्रेक असेल तर फक्त तो हाताने हलका लावायचा. वेग वाढवून ट्रेलर सरळ होतो असं सांगणारे महाभाग भेटतात, त्यांच्या गाडीत बसू नका.

आता माझ्या ट्रेलरची टाकी बरोबर अ‍ॅक्सलवर असते, म्हणजे भरली काय, संपली काय, हिचला फरक पडत नाही. जड सामान अ‍ॅक्सलच्या किंचित पुढे आणि जमिनीलगत. मागे फक्त उश्या. निघायच्या आधी काजूची पोती तोलायच्या टांगत्या काट्याने ट्रेलरचं नाक उचलून भार बघतो. दोन मिनिटांचं काम आहे, तरी नवशिक्यांना त्याचा कंटाळा, कारण सूर्यास्त चुकतो.

बाकीच्या, पटकन

बॉल (गाडीच्या हिचवरचा गोळा) आणि कप्लर (त्यावर बसणारी ट्रेलरची वाटी) वेगळ्या मापाचे. ५० मिलिमीटर आणि दोन इंच एकच नव्हेत, दोन इंच म्हणजे ५०.८. पावणेदोन-दोन इंचाच्या अंदाजाने तर बिलकुल घेऊ नका. बॉलवर माप कोरलेलं असतं, वाचा.

सुरक्षेच्या साखळ्या नाहीत, किंवा आहेत पण कुत्र्याच्या.

ओव्हररन ब्रेक म्हणजे ट्रेलरने गाडीला मागून ढकललं की लागणारा ब्रेक. असा ट्रेलर चढावर मागे घेताना ब्रेक आपोआप लागतो. क्लच जाळण्याआधी त्याचा लॉक शोधा. लांब उतारावर हेच ब्रेक सतत घासून तापतात, म्हणून खालचा गिअर.

ट्रेलरची नोंदणी वेगळी होते. १९८८ च्या मोटार वाहन कायद्यात ट्रेलर हे स्वतंत्र वाहन आहे. "छोटा आहे, कोण विचारतो" हे वाक्य पोलिसांसमोर म्हणून बघा.

लांब शेपटीचा ट्रेलर घेऊन धोपावे-दाभोळ फेरीबोटीवर जाणार असाल तर आधी पायी जाऊन जेटीचा उतार बघा, तोही ओहोटीच्या वेळी. मागचा बंपर तिथे ठेवून गेलेले दोघे मला माहीत आहेत.

आणि ट्रेलर समुद्रात घालू नका. फोटोसाठीसुद्धा नाही. धावून तापलेला हब खाऱ्या पाण्यात गेला की आतली हवा आक्रसते, सील पाणी ओढून घेतं आणि ग्रीसचं ताक होतं. मग महिन्याभराने बेअरिंग बोंबलतं आणि गिऱ्हाईक म्हणतं, पाण्यात नेलाच नव्हता. शेडच्या कोपऱ्यात अशा बेअरिंगांचा एक डबा भरून ठेवलाय. कोणी तसं म्हणालं की तो पुढे सरकवतो, आणि त्याच्याच हबमधली चिमूटभर वाळू कागदावर काढून दाखवतो.